जावयाचे पावणेदोन तास

बंगळूर आमच्यापासून फक्त पावणेदोन तासांवर आहे, असं आमचे जावई सांगतात. लग्न ठरलं तेव्हा सांगितलं, इशिताला तिकडे घेऊन गेले तेव्हा सांगितलं, आणि गेल्या महिन्यात तर फोनवर चित्रच पाठवलं. मुंबई आणि बंगळूर अशी दोन टिंबं, मधे एक वाकडी रेघ, वर लिहिलेलं: आठशे चाळीस किलोमीटर, पावणेदोन तास. खाली नीरजचा मेसेज, "बघा आई, तुम्हाला भाईंदरहून दादरला जाऊन यायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो."

माणूस चांगला आहे, इंजिनियर आहे. पण त्याला कोण सांगणार की मी दादरलासुद्धा चार वर्षांत गेले नव्हते.

चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कळतं सगळं, पण शब्द बाहेर पडत नाही. भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या आमच्या वन बीएचकेत सोफा होता तिथे लोखंडी कॉट आली, आणि त्या कॉटच्या हाकेबाहेर मी पुन्हा गेले नाही. हाक म्हणजे डाव्या हातानं कॉटच्या दांडीवर वाजवलेला चमचा. भाजी आणायची तर खालच्या गल्लीतून, तेही दिवसा कामाला येणारी चंपा घरात असताना. त्यात ह्यांना खायला फक्त माझ्या हातून लागायचं. चंपानं घास पुढे केला की दात घट्ट. नर्स ठेवून पाहिली, तिलाही तेच. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, किती जीव आहे हो तुमच्यावर. पहिलं वर्षभर मला ते ऐकून बरं वाटायचं. नंतर कुणी असं म्हटलं की तिच्या हातात ताट देऊन लिफ्टमध्ये शिरावंसं वाटायचं.

इशिताचं हे पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात आमच्याकडे कधी वाद नसतो. पण कॉट, कमोडची खुर्ची, औषधांचं टेबल आणि आम्ही दोघं एवढं मावल्यावर बाळंतिणीला जागा कुठे उरते? मीच तिला म्हटलं, "तू नको येऊस, मी येते." ती नुसतं "बरं" म्हणाली. ते "बरं" माझ्या मनाला लागून राहिलं. पुढे तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी तिचा प्रवासच बंद केला. आता मी गेले नाही तर माझी मुलगी आईशिवाय बाळंत होणार होती. मला झोप लागेना.

शेवटी माझ्या नणंदेला, अंबिकाला, अलिबागहून बोलावून घेतलं. अंबिका भावासाठी काहीही करेल, पण तोंडानं फटकळ. चपला काढता काढताच म्हणाली, "वहिनी, मी पंधरा दिवस राहते. पण दादा जेवला नाही तर मला बोल लावायचा नाही, सांगून ठेवते." मी म्हटलं, नाही लावणार.

नीरजनं तिकीट काढून फोनवर पाठवलं. मी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. विमान सुटणार होतं नवी मुंबईहून. म्हणजे आपलं नेहमीचं पार्ल्याचं विमानतळ नव्हे, ते पनवेलच्या बाजूचं नवीन. बंगळुरात बसून बघणाऱ्याला दोन्ही मुंबईच, आणि वरून उडत जायचं तर फरकही पडत नसणार. पण भाईंदरच्या माणसाला पार्लं म्हणजे काशीमिऱ्याला उजवीकडे वळून सरळ हायवे. ते नवीन म्हणजे डावीकडे वळायचं, मग घोडबंदर रोड, गायमुखचा घाट, ठाणं, ऐरोली, आणि तिथून पुढे आणखी किती ते मलाही नीट माहीत नव्हतं.

मग त्याला सांगायचं ना, असं तुम्ही म्हणाल. मला नाही सांगता आलं. जावयाला चूक दाखवायची नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. माझ्या पहिल्या दिवाळसणाला ह्यांनी आमच्या घरी उटणं समजून माझ्या वडिलांचं दंतमंजन अंगाला चोळलं होतं. आई दाराआडून बघत होती, पण शब्द बोलली नाही. नवा जावई दिवसभर लवंगेच्या वासानं दरवळत होता आणि अख्खं घर त्याला फराळ वाढत होतं. मी त्या आईची मुलगी.

आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. तिकीट बदलायचं म्हटलं असतं तर अंबिका लगेच म्हणाली असती की जाणं योगात दिसत नाही. ह्यांनी चमचा वाजवला असता. आणि मला माझीच खात्री नव्हती. चार वर्षांत "जाऊ दे" म्हणायची इतकी सवय झाली होती की मीच भरलेली बॅग रिकामी करून कपाटावर टाकली असती. म्हणून मी नीरजला अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि खाली "थँक यू" लिहिलं.

जवळच्या राई गावच्या लवूला गाडी सांगितली. ह्यांना दवाखान्यात न्यायला-आणायला तोच येतो, आमच्या सोसायटीत सगळे त्याला ओळखतात. कुठे जायचं ते ऐकून तो म्हणाला, "नव्या एअरपोर्टला? काकी, आपल्याला इकडचा सोडून तिकडचा कशाला?" मी म्हटलं, जावयांनी काढलंय. त्यानं लगेच निघायची वेळ विचारली. त्यालाही दोन जावई आहेत.

निघायच्या सकाळी अंबिकानं हातावर दही घातलं. मी कॉटजवळ गेले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "येते हं." ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान वळवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. त्या भिंतीवर एक घड्याळ आणि वाण्याचं कॅलेंडर, दुसरं काही नाही. मला इतकं वाईट वाटलं की लिफ्टमध्ये मी डोळे पुसले, आणि तळमजला येईपर्यंत त्या वाईट वाटण्याचा रागही येऊन गेला.

हायवेवरच्या फाउंटनच्या चौकापर्यंत गाडी बरी गेली. घोडबंदर रोडला लागलो आणि घाट चढायच्या आधीच थांबलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, डाव्या अंगाला एक टँकर इतका जवळ की त्याच्यावरची धूळ मला काच खाली न करता पुसता आली असती असं वाटत होतं. लवू खाली उतरून पुढे बघून आला.

"काकी, घाटात मोठा ट्रेलर आडवा झालाय," तो म्हणाला. "क्रेन आल्याबिगर काय हलायचं न्हाय."

"किती वेळ?"

"ते कसं सांगू? क्रेनपन याच रस्त्यानं येनार ना."

मी मांडीवरचा लाडवांचा डबा घट्ट धरून बसले. डिंकाचे एका डब्यात, अहळिवाचे दुसऱ्यात, आणि बॅगेत माझ्या जुन्या मऊ लुगड्यांची शिवलेली दुपटी. वाटेत अडचण नको म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तरी तासाभरात मला जायची गरज वाटायला लागली. एका बाजूला दुभाजक, दुसऱ्या बाजूला टँकर, त्याच्यापलीकडे जंगल. पुरुष मंडळी उतरून खुशाल टायरांमागे उभी राहत होती. मी आयुष्यात पुरुषांचा असा हेवा केला नव्हता तो त्या सकाळी केला.

हे धड असते तर अशी वेळच आली नसती, असं सारखं मनात येत होतं. ह्यांनी जन्मात कधी गाडी चुकवली नाही. कोकणात जाताना एसटी सुटायच्या दीड तास आधी मला आणि इशिताला स्टँडवर नेऊन बसवायचे, आणि मी कटकट केली की म्हणायचे, "बसायला जागा आहे ना? मग बस." ह्यांनी मला आदल्या रात्रीच विमानतळावर नेऊन बसवलं असतं.

फोन वाजला. अंबिका. "वहिनी, दादा चहा घेत नाही."

"थोड्या वेळानं दे."

पुन्हा फोन. "वहिनी, पेज केली तर तोंडच उघडत नाही. गोळ्या राहिल्यात. भिंतीकडे बघत पडलाय नुसता."

"मऊ बोलून बघ गं जरा."

"मी काय भांडतेय होय?" अंबिका म्हणाली. "चार वर्षं लाड करून ठेवलेत तुम्ही, आता मी काय करू?"

मी फोन ठेवला आणि काचेतून टँकरकडे बघत राहिले. तिकडे मुलगी माझी वाट बघतेय, इकडे नवरा उपाशी, आणि मी मधेच एका गाडीत दार लावून बसलेली. पुढे जाता येत नाही आणि मागे फिरताही येत नाही. गंमत अशी की मला त्यात नवीन काही वाटेना. चार वर्षं मी अशीच बसले होते, फक्त तिथे खिडकीतून समोरच्या विंगचे कपडे दिसायचे.

विमानाची वेळ झाली. आम्ही सरकत सरकत जेमतेम घाटाच्या दुसऱ्या वळणावर आलो होतो. मला कळलं की आता विमान सुटलं असेल, आणि मी मोठ्यानं रडले. लवूनं आरशातून पाहिलं आणि रेडिओ बारीक केला.

तेवढ्यात नीरजचा फोन आला. आवाज घाबरलेला. "आई, बसलात का विमानात? नाही, फोन लागतोय म्हणजे... आई, इशिताला कळा सुरू झाल्यात. आम्ही हॉस्पिटलला आलोय. ती सारखं तुम्हाला विचारतेय."

"नीरज, मी घाटात आहे."

"कुठल्या घाटात?"

"मुंबईहून बंगळूरला जाताना जो लागतो त्या," मी म्हटलं. आणि मग मला राहवेना. "तुमचं विमानतळ चुकलं. भाईंदरच्या माणसाला पार्ल्याहून तिकीट काढायचं असतं. हे नवीन आमच्यापासून लांब आहे आणि मधला रस्ता हा असा आहे. मी तिकीट आलं त्याच दिवशी पाहिलं होतं."

फोनवर मागून कुणीतरी कण्हत होतं. ती माझी मुलगी होती.

"मग सांगितलं का नाहीत?"

"जावई आहात म्हणून."

"आई," नीरज म्हणाला, "असलं काही करत जाऊ नका हो. चुकलं तर शिव्या घाला मला. आता पार्ल्याहून कुठलं आहे ते बघतो. थांबा."

त्यानं थोड्या वेळात संध्याकाळच्या आधीचं एक तिकीट काढलं. या वेळी मला विचारून काढलं. पोलिसांनी दुभाजकातली एक फट मोकळी केली होती, तिथून लवूनं गाडी उलट्या दिशेला घातली. उलट रस्ता मोकळा होता. फाउंटनजवळच्या हॉटेलात मी धावत जाऊन आले, आणि मग जरा माणसात आले.

काशीमिऱ्याच्या अलीकडे पुन्हा अंबिकाचा फोन. या वेळी तिचा आवाज फटकळ नव्हता. "वहिनी, दादाच्या पोटात सकाळपासून काही नाही. साखर कमी झाली तर? तुम्ही नाहीतरी वाटेवरच आहात. भरवून जा ना. पाच मिनिटांचं काम."

मला त्या पाच मिनिटांचा अर्थ पुरता ठाऊक होता. मी वर गेले की ते माझ्या हातून जेवणार. जेवले की झोपेपर्यंत माझं बोट धरून ठेवणार. बोट सोडवलं की चमचा वाजणार. अंबिका दारात उभी राहून म्हणणार, बघा, तुमच्याशिवाय राहतच नाही. आणि मग मी बंगळूरला फोन करून इशिताला म्हणणार, "बाळा, मला नाही जमलं." तीही "बरं" म्हणणार. हे सगळं मला नाक्यावरच्या सिग्नलसारखं समोर दिसत होतं, तरी माझा उपाशी नवरा मला सोडून जाववेना.

"काकी, घर का एअरपोर्ट?" लवूनं विचारलं. "उजवीकडं जायचं का सरळ?"

"घर," मी म्हटलं. "पाच मिनिटं."

त्यानं वळण घेतलं. सोसायटीच्या गेटात गाडी थांबवून तो म्हणाला, "बॅग नका नेऊ वर. गाडीतच ऱ्हाऊ द्या. मी हितंच हाय."

मी लाडवांचे डबेसुद्धा सीटवर ठेवले आणि वर गेले. दार उघडंच होतं. ह्यांनी मला पाहिलं आणि डोळे इतके मोठे केले की मी घाबरले. वाटलं, काही झालं की काय. मी हात धुतले, अंबिकाच्या हातातून पेजेची वाटी घेतली, नेहमीसारखी कॉटच्या कडेला बसले आणि चमचा पुढे केला.

ह्यांनी तोंड उघडलं नाही.

"अहो, घ्या ना," मी म्हटलं. "मला पुन्हा निघायचंय. पोरीला कळा सुरू झाल्यात."

दात घट्ट. मी चमचा ओठाला लावला तर ह्यांनी डाव्या हातानं तो बाजूला सारला. पेज माझ्या प्रवासाच्या साडीवर सांडली. मग मान वळवून ह्यांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. या वेळी मीही तिकडे पाहिलं. तिथे घड्याळ होतं.

"सकाळपासून हेच चाललंय," अंबिका म्हणाली. "घड्याळाकडे बघतो आणि तोंड मिटून पडतो."

मी वाटी हातात घेऊन तशीच बसले. ज्या माणसानं आम्हाला दीड दीड तास एसटी स्टँडवर बसवलं, तो सकाळी मी "येते" म्हणाले तेव्हा रुसला नव्हता. मला उशीर होतोय हे त्याला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. पुढचे सगळे तास तो त्या कॉटवर माझ्या विमानाची वेळ मोजत बसला होता. मी घाटात अडकले होते, आणि हे इथे.

ह्यांनी हात लांब करून अंबिकाचा पदर धरला आणि ओढला. तिला काही कळेना. मी उठून वाटी तिच्या हातात दिली. ती बसली, तिनं भीत भीत चमचा पुढे केला, आणि ह्यांनी तोंड उघडलं. गिळलं. पुन्हा उघडलं. दुसऱ्या चमच्याच्या वेळी माझ्याकडे बघत होते, मुद्दाम, मला दिसावं म्हणून.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आधी राग आला. चार वर्षं मी धरून चालले होते की मी उठले तर हा माणूस उपाशी राहील. चार वर्षं मी त्यासाठी इशिताकडे गेले नाही, भावाच्या साठीला गेले नाही, रस्ता ओलांडून समोरच्या बागेतसुद्धा बसले नाही. आणि याला दुसऱ्याच्या हातून गिळता येत होतं. मग आठवलं की दुसऱ्या कुणाच्या हातात चमचा देऊन मी उठून गेले, असं मीही कधी केलं नव्हतं. चंपा भरवायला बसली की मी दारात उभी असायचे.

"येते," मी म्हटलं.

ह्यांनी चमच्यानं कॉटच्या दांडीवर एकदा वाजवलं. ती मला बोलावण्याची हाक नव्हती, मला घालवण्याची होती. ऑफिसला उशीर झाला की दारात उभे राहून टिचक्या वाजवायचे, अगदी तशी. मी निघाले.

लवूनं दहिसरचा नाका कसा ओलांडला ते मला नीट आठवत नाही. विमानतळावर मी साडीवरच्या पेजेच्या डागासकट सगळ्या रांगांतून गेले. लाडवांचा डबा उघडून दाखवायला लावला, तो दाखवला. विमानात एका मुलीनं माझा पट्टा लावून दिला आणि फोन बंद करायला सांगितला. शेवटचं म्हणून अंबिकाला विचारलं, तर ती म्हणाली, "दादा जेवून झोपलाय. आता फोन नका करू, उठेल तो."

विमान वर गेलं. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला एक जाडजूड गृहस्थ, कमरेला पट्टा. हलायला जागा नव्हती. पण चार वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी हाक मारू शकत नव्हतं. ना चमचा, ना फोन, ना दाराची बेल. मी इशिताची काळजी करायची ठरवली होती, देवाचं नाव घ्यायचं ठरवलं होतं. त्यातलं काही झालं नाही.

चाकं जमिनीला टेकली तेव्हा मला जाग आली. फोन सुरू केला तर नीरजचा मेसेज आला होता, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. खाली जन्माची वेळ. मी हिशेब केला. माझी नात जगात आली तेव्हा मी आकाशात कुठेतरी होते आणि तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

नीरज न्यायला आला. वाकून नमस्कार केला आणि खालमानेनं म्हणाला, "सॉरी आई."

"विमानाला पावणेदोन तासच लागले," मी त्याला सांगितलं. "तेवढं तुमचं बरोबर होतं."